मी काढलं एक, आली नऊ!

आधी एक डिस्क्लेमर. माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातून मोजके तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले दोन निबंध, 'माझा आवडता ऋतू' आणि 'पाऊस पडला नाही तर'. (दोन्हींत पाऊस कॉमन, म्हणजे पाठांतर निम्मं!) त्यामुळे या लेखातल्या चुका माझ्या आणि दुरुस्त्या माझ्या रूममेटच्या. ती पहिलीपासून मराठी मीडियमची. इंटरफिअरन्सला मराठीत 'व्यतिकरण' म्हणतात हे मला वयाच्या विसाव्या वर्षी तिच्याकडून कळलं. शब्द इतका भारदस्त आहे की मी पुढे इंटरफिअरन्सच म्हणणार आहे. चालवून घ्या.

तर विषय असा की, मी प्रोग्रॅम लिहून चित्रं काढते. ब्रश नाही, कॅनव्हास नाही. एक नियम लिहायचा, काही आकडे द्यायचे आणि त्या नियमातून काय उमटतं ते बघायचं. याला जनरेटिव्ह आर्ट म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, यात मत मांडण्यासारखं काय आहे? आहे. कारण यंदाच्या गॅदरिंगच्या चित्रप्रदर्शनात माझं चित्र घेतलं नाही. मी जाम भडकले. आठ दिवस मेसमध्ये शेजारी बसेल त्याला माझी कैफियत ऐकवली. आणि नंतर कळलं की नाकारायचं कारण चूक होतं, पण चित्र नाकारलं ते बरोबरच होतं! हा गुंता सोडवण्यासाठी हा लेख.

सुरुवात झाली आमच्या होस्टेलच्या मागच्या हौदापासून. या हौदावर दोन नळ आहेत आणि दोन्ही गळतात. पीएल चालू होती. पीएलमध्ये माणसाला अभ्यास सोडून जगातल्या यच्चयावत गोष्टींत रस वाटतो हे तुम्हाला सांगायला नकोच. मी बादली भरेपर्यंत पाण्याकडे बघत बसले. डाव्या नळाचा थेंब पडला की गोल लाट निघायची, उजव्याचा पडला की दुसरी. दोन्ही एकमेकींतून आरपार जायच्या आणि जिथे भेटायच्या तिथे क्षणभर एक जाळी दिसायची. दिसायची आणि मोडायची.

मोडायची का? तर दोन्ही नळ आपापल्या तालात गळत होते. जाळी टिकायची असेल तर दोन्ही उगमांचा ताल एक हवा आणि त्यांच्यातला फरक कायम हवा. म्हणजेच 'कोहेरंट सोर्सेस'! ही व्याख्या मी फर्स्ट इयरला दोन मार्कांसाठी पाठ केली होती. तिचा अर्थ तिसऱ्या वर्षी हौदावर कळला. तिथेच ठरवलं, की नळ काही एका तालात गळणार नाहीत, पण कॉम्प्युटरवर गळवता येतील.

प्रोग्रॅम खरं तर पोरखेळ आहे. ८०० बाय ८०० पिक्सेलचा चौकोन घ्या, म्हणजे ६,४०,००० ठिपके. त्यात दोन नळांच्या जागा ठरवा. मग प्रत्येक ठिपक्याला दोनच प्रश्न विचारा: तू पहिल्या नळापासून किती लांब, आणि दुसऱ्यापासून किती? दोन्ही अंतरांवरून दोन साइन काढा, बेरीज करा. बेरीज मोठी आली तर ठिपका पांढरा, खाली गेली तर काळा, मधल्या मध्ये राखाडी. बस्स. प्रोसेसिंग नावाची एक फुकट भाषा आहे, केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये खास चित्रं काढणाऱ्यांसाठी सुरू केलेली. तिच्यात हे सगळं पंधरा-वीस ओळींत होतं.

रन केलं आणि हौदातली जाळी पडद्यावर येऊन थांबली! दोन नळांच्या मधून पसरत जाणारे पट्टे, मधला सरळ आणि बाजूचे वळत गेलेले. ते वळण म्हणजे हायपरबोला. मी हायपरबोला कुठेही लिहिला नव्हता. मी फक्त 'अंतर मोज आणि बेरीज कर' एवढंच लिहिलं होतं. ज्या ठिपक्यांपासून दोन नळांच्या अंतरांतला फरक सारखा, ते सगळे ठिपके आपोआप एका हायपरबोलावर येतात, ही एम-थ्रीवाल्यांनी शांतपणे पचवावी अशी गोष्ट आहे. थॉमस यंगने १८०७ साली छापलेल्या आपल्या व्याख्यानांत अगदी हीच आकृती दिली होती: दोन बिंदू, त्यांच्याभोवती वर्तुळं आणि मधून जाणारे पट्टे. त्याने ती हातांनी जुळवली, मी लॅपटॉपवर. आमच्यात दोनशे वर्षांचं अंतर, पण पट्टे तेच.

मग मी सुटलेच. दोनाचे तीन नळ केले, पाच केले, सात केले. एकाचा ताल जरासा बदलला. राखाडीच्या जागी निळा आणि केशरी आणला. रात्री दोनपर्यंत आकडे बदलत बसायचे. शंभर चित्रं काढली तर त्यातली चार ठेवण्यासारखी. बाकीची काही नुसतीच गुंतागुंतीची, काही चादरीच्या डिझाइनसारखी. ही चार कोणती ते मात्र कॉम्प्युटर सांगत नाही. ते मीच ठरवायचं. मला वाटतं या कलेतली निम्मी कला या टाकून देण्यात आहे.

आता खरी गोष्ट. मला न्यूटन्स रिंग्ज काढायच्या होत्या. फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमध्ये आपण सगळ्यांनी केलेला प्रयोग. सपाट काचेवर फुगीर भिंग, वरून सोडियमचा पिवळा प्रकाश (५८९३ अँगस्ट्रॉम, हेही पाठ!) आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपमधून दिसणारी एकात एक कडी. ही कडी बाहेरच्या बाजूला दाट होत जातात, कारण त्रिज्येचा वर्ग क्रमांकाच्या प्रमाणात वाढतो. पहिलं काळं कडं २० पिक्सेलवर धरलं तर चौथं ४० वर आणि नववं ६० वर. मी फॉर्म्युला घातला, रन केलं, कडी आली. सुंदर आली. रूममेट मागून म्हणाली, "अगं, पण मधे पांढरं कसं? लॅबमध्ये तर मधला ठिपका काळा होता."

मी तिच्याकडे बघतच राहिले. कारण मला लॅबमध्ये काय होतं ते आठवतच नव्हतं. आठवणार कसं? मी त्या मायक्रोस्कोपमध्ये नीट डोकावलेच नव्हते. आमच्या ग्रुपमध्ये एक जण डोकावला, त्याने अर्ध्या रीडिंग्ज घेतल्या, उरलेल्या सीनियरच्या जर्नलमधून आल्या. ग्राफची रेषा आधी काढली आणि बिंदू मग तिच्यावर बसवले. जर्नलला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. व्हायव्हामध्ये "मध्यभाग काळा का?" हा प्रश्न मलाच आला होता आणि मी खाडकन उत्तर दिलं होतं, "हवेतून काचेवर परावर्तन होताना अर्ध्या तरंगाचा फेज चेंज होतो म्हणून." सर खूश! आणि दोन वर्षांनी त्याच पोरीने प्रोग्रॅममध्ये साइनच्या जागी कोसाइन लिहिला आणि मधला ठिपका पांढराशुभ्र ठेवला. उत्तर तोंडात होतं, डोक्यात नव्हतं. (पांढरा मध्य पूर्ण चुकीचाही नाही म्हणा. आरपार गेलेल्या प्रकाशात तो तसाच दिसतो. पण हे मला नंतर कळलं, तेव्हा त्याचं क्रेडिट घेत नाही.)

चूक सुधारली. मग दिमाखात मोठा ८०० बाय ८०० चा चौकोन घेऊन कडी पार कडेपर्यंत नेली. आणि बघते तर काय, पडद्यावर नऊ! मधे एक कड्यांचा संच, आणि त्याच्याभोवती हुबेहूब तसेच आठ. तीन ओळी, तीन रकाने. मधल्या जागांत कापडासारखी बारीक वीण. मी काढलं होतं एक, आली नऊ! आनंदाने वेडी व्हायची बाकी होते. वाटलं, मशीनमधून देवच प्रकटला. चित्राला नाव दिलं 'नवग्रह', चांगल्या कागदावर प्रिंट काढली (मेसचं अर्ध्या महिन्याचं बिल गेलं) आणि प्रदर्शनाला दिली.

दोन दिवसांनी प्रिंट परत. सोबत चिठ्ठी: संगणकाने काढलेली चित्रे स्वीकारली जाणार नाहीत.

इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये! जिथे आपण चार वर्षं कॉम्प्युटरसमोर काढतो, तिथे कॉम्प्युटरचं चित्र अस्पृश्य. रागाच्या भरात मी इतिहास वाचायला घेतला आणि कळलं की हे दुखणं बरंच जुनं आहे. अमेरिकेत आयोवामध्ये बेन लपॉस्की नावाचा माणूस १९५० पासून ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर तरंग एकमेकांत मिसळून त्यांचे फोटो काढायचा. १९५३ मध्ये त्याचं प्रदर्शनही भरलं. म्हणजे आपण ज्या सीआरओवर 'ट्रेस स्थिर होत नाही' म्हणून लॅब असिस्टंटला हाका मारतो, त्यावर हा माणूस कला करत होता. बेल लॅब्समधल्या मायकल नोलची गोष्ट तर अजून मजेदार. तो इंजिनिअर. 'गॉसियन क्वाड्रॅटिक' नावाच्या त्याच्या चित्राला अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने आधी नोंद नाकारली, का, तर म्हणे चित्र मशीनने काढलंय. त्याने सांगितलं, प्रोग्रॅम माणसाने लिहिलाय. तर म्हणाले, पण यात रँडमपणा आहे, तो चालणार नाही. त्याने परत समजावलं की आकडे रँडम दिसतात, पण ते निघतात काटेकोर गणितातून. शेवटी १९६५ मध्ये नोंद झाली.

याच नोलने माँड्रियान या चित्रकाराच्या १९१७ च्या एका चित्राच्या धर्तीवर कॉम्प्युटरने एक चित्र काढलं आणि दोन्हींच्या झेरॉक्स १०० जणांना दाखवल्या. कॉम्प्युटरचं कुठलं हे फक्त २८ जणांना बरोबर ओळखता आलं, आणि ५९ जणांना कॉम्प्युटरचंच जास्त आवडलं. 'मशीनच्या चित्रात भावना नसते' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

एवढा दारूगोळा जमवून मी कमिटीला पत्र लिहायला बसले. त्याच संध्याकाळी आजीचा व्हिडिओ कॉल आला. आजीला मी 'नवग्रह' दाखवलं. आजी आमच्याकडे रांगोळीतली एक्स्पर्ट. तिने चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं,

"छान आहे गं. पण यातलं तू काढलेलं कुठलं?"

मी म्हटलं, "सगळंच मी काढलंय, आजी."

"तसं नव्हे. तू म्हणालीस ना, एक काढलं आणि नऊ आली? मग तुझं कुठलं?"

मी बोट मधल्यावर ठेवलं. कारण मधलं माझं असणार, एवढं लॉजिक मला होतं. पण का असणार? नऊच्या नऊ सारखी. कडेची आठ कुठून आली? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि उत्तर नाही म्हणून तर मी 'नवग्रह' असं दणदणीत नाव दिलं होतं! आपल्याला कळलं नाही की त्याला गूढ म्हणायचं, ही आपली जुनी सवय.

दुसऱ्या दिवशी सिग्नल प्रोसेसिंगच्या सरांना गाठलं. त्यांनी चित्र पाहिलं, चित्राला नावं ठेवली नाहीत की वाहवाही केली नाही. फक्त विचारलं, "दोन संचांमध्ये अंतर किती?" मोजलं, २०० पिक्सेल. "आणि पहिलं कडं कितीवर?" २० वर. "२० चा वर्ग भागिले २ किती?" दोनशे! मग म्हणाले, "आता जा आणि का ते स्वतः शोध. तुमच्या सिलॅबसमध्ये आहे."

शोधलं. कडी बाहेर दाट होत जातात, बरोबर? मध्यापासून २०० पिक्सेलवर ती इतकी दाट होतात की एका पिक्सेलवरून शेजारच्या पिक्सेलवर जाताना अख्खा एक तरंग पूर्ण होतो. कॉम्प्युटर फक्त पिक्सेलवर डोळे उघडतो, मधे मिटतो. प्रत्येक वेळी डोळे उघडतो तेव्हा तरंग परत त्याच जागी! त्यामुळे त्याला वाटतं, इथे काही बदलतच नाहीये, म्हणजे हाच मध्य असणार. आणि तिथून तो नवी कडी रेखायला लागतो. सिनेमात पळणाऱ्या गाडीची चाकं थांबलेली किंवा उलटी फिरताना दिसतात ना, तोच हा प्रकार. टीव्हीच्या पडद्याचा मोबाईलने फोटो काढला की येणारे पट्टेही याच जातीचे. याचं नाव एलियासिंग. एका तरंगात दोनपेक्षा जास्त सॅम्पल हवीत, नाहीतर भुतं दिसणार, हा सॅम्पलिंग थिअरम. त्याच्यावर मला इन-सेममध्ये दहापैकी नऊ होते! (परत नऊच. बहुतेक माझ्या राशीला आहेत.)

पहिलं कडं २० ऐवजी ४० वर नेलं. गणिताप्रमाणे पहिलं भूत आता ८०० पिक्सेल लांब, म्हणजे पडद्याबाहेर. रन केलं. एकच संच आला, मध्यभागी, काळ्या ठिपक्याचा. नवग्रहशांत झाली. खरं सांगू? नऊ आली त्या दिवशी नाचले होते, पण या एकाने जो आनंद झाला तो वेगळाच होता.

आता माझं मत. कमिटीचा नियम चुकीचा आहे. पण कमिटीची भीती चुकीची नाही. हल्ली एक वाक्य टाइप केलं की एआय चित्र काढून देतो आणि पोरं ते आपलं म्हणून लावतात. मीही करून पाहिलं. 'न्यूटन्स रिंग्ज' मागितल्या, चकचकीत सोनेरी चित्र आलं, पण कड्यांमधली अंतरं सगळीकडे सारखी! त्याला का म्हणून विचारावं, तर तो माफी मागून दुसरं चित्र देतो. तेव्हा काहीतरी चाळणी हवी हे मान्य. पण हाताने की मशीनने, ही ती चाळणी नव्हे. हाताने काढलेलं चित्रही कॉपी असू शकतं. आपल्या सगळ्यांची जर्नल्स हातानेच लिहिलेली असतात, अगदी सुवाच्य अक्षरात!

खरी चाळणी आजीचा प्रश्न आहे: यातलं तुझं कुठलं?

आजी 'पंधरा ते आठ'ची रांगोळी काढते. मधल्या ओळीत १५ ठिपके, मग दोन्ही बाजूंना एकेक कमी करत ८ पर्यंत. एकूण १६९. नियम आधी, आकृती नंतर. म्हणजे माझ्या मते जनरेटिव्ह आर्टच! तिला ग्रिड हा शब्द माहीत नाही. पण एखादी पाकळी वाकडी गेली तर ती सांगते, सातव्या ओळीतला तिसरा ठिपका चुकलाय. तिला तिच्या चित्राचा जाब देता येतो. मला माझ्या 'नवग्रह'चा देता येत नव्हता. म्हणून म्हटलं, ते नाकारलं ते बरोबरच झालं. अपघाताने काही आलं तर यायला हरकत नाही. पण आलेल्या पाहुण्याला निदान नाव-गाव तरी विचारावं, आणि मग घरात घ्यावं.

तेव्हा कमिटीला माझी नम्र सूचना: बंदी काढा, एक पान मागा. चित्राबरोबर अर्ध्या तासात लिहिता येईल असं एक पान. नियम काय होता, काय बदललं, काय टाकून दिलं आणि काय अनपेक्षित आलं. ज्याला ते लिहिता येईल त्याचं चित्र भिंतीवर लावा, मग ते पेन्सिलचं असो, प्रोग्रॅमचं असो की एआयचं.

आणि लॅबच्या सरांना-मॅडमना दुसरी नम्र सूचना (मार्कांवर परिणाम होऊ नये ही विनंती). जर्नलमधल्या दहा प्रयोगांपैकी एका प्रयोगाचं तरी चित्र आमच्याकडून प्रोग्रॅमने काढून घ्या, आमच्याच रीडिंग्ज घालून. न्यूटन्स रिंग्ज त्यासाठी झकास आहेत. उचललेल्या रीडिंग्जचा ग्राफ सरळ येतो, कारण रेषा आम्हीच काढतो. पण चित्र काढताना मधला ठिपका काळा की पांढरा हे ठरवावंच लागतं, आणि ते मायक्रोस्कोपमध्ये डोकावल्याशिवाय ठरवता येत नाही. मी डोकावले असते तर दोन वर्षं वाचली असती.

थोडक्यात काय, तर मार्क मिळालेली गोष्ट आपल्याला येते असं नाही. मला इंटरफिअरन्समध्ये मार्क होते, सॅम्पलिंगमध्ये मार्क होते, आणि दोन्हींनी मिळून माझी एकाच चित्रात विकेट काढली. पुढच्या वर्षी ते नऊवालं चित्र मी परत देणार आहे. तेच चित्र, तोच २० चा आकडा, या वेळी मुद्दाम ठेवलेला. नाव फक्त बदललंय: 'एक खरं, आठ भुतं'. पान लिहून तयार आहे.

ता. क. : हा लेख लिहून होईपर्यंत हौदावरचा डावा नळ दुरुस्त झाला. उजवा अजून गळतोय. एका नळाने इंटरफिअरन्स होत नाही. तेव्हा संबंधितांनी एकतर उजवाही दुरुस्त करावा, नाहीतर डावा पूर्ववत करावा, ही विनंती.

– एक विद्यार्थिनी, टी. ई. (ई अँड टीसी)